उलट्या दिव्यांचं जहाज

१

“हे चित्र ज्यानं काढलं, तो माणूस आयुष्यात जहाजावर चढलेला नाही,” असं कप्तानसाहेब म्हणाले आणि समाजमंदिरातला एक पंखा सोडला तर सगळं जागच्या जागी थांबलं.

कार्यक्रम सत्काराचा होता. गोरेगावात सत्काराला कारण लागत नाही, पण या वेळी ते होतं. जवळच्या तांड्यावरचे शंकरसिंग राठोड, वय सहासष्ट, तरुणपणी चौदा वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होते. परत आल्यावर त्यांनी शेती केली, म्हणजे बायकोनं केली, आणि स्वतः समुद्र काढत बसले. हिंगोली जिल्ह्यात समुद्र नसल्यामुळे त्यांच्या चित्रांत चूक काढणारं कुणी नव्हतं. कौतुक करणारंही नव्हतं. आता मुंबईच्या एका सागरी संग्रहालयानं त्यांची बारा चित्रं निवडली होती, आणि ती न्यायला संग्रहालयाचे सल्लागार, एक निवृत्त कप्तान, स्वतः आले होते.

शेवटचं खोकं व्यासपीठावरच उघडलं. आत ‘सांजेचं जहाज’. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत मोठं चित्र. तिन्हीसांजेला एक जहाज थेट अंगावर येतंय, पुढे दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. टाळ्या पडल्या. कप्तानसाहेबांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि वरचं वाक्य उच्चारलं.

“जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. जगात कुठंही जा. ते समोरून येत असेल तर लाल दिवा आपल्या उजव्या हाताला दिसला पाहिजे. इथे तो डाव्या हाताला आहे. जहाजावरचा स्वयंपाकीसुद्धा ही चूक करणार नाही.”

मागच्या रांगेतून शंकरसिंगांचे थोरले भाऊ लालसिंग उठले. “मी तीस वर्सांपासून काय सांगून राहिलो? मुंबईला हॉटेलात ताटल्या धुत व्हता हा! कशाचं जहाज अन् कशाचं काय!”

लोक हसले. लोकांना हसायला तीस वर्षं थांबावं लागलं होतं, त्यामुळे चांगलंच हसले. कप्तानसाहेब एकही चित्र न घेता गाडीत बसले. आठ दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही तर निवड रद्द, असं बजावून गेले. संग्रहालय गेलं असतं तर गेलं असतं. इथं मात्र एका माणसाची चौदा वर्षं भर दुपारी सगळ्यांसमोर पुसली जात होती.

शंकरसिंग व्यासपीठावर चढले. चित्रापुढं वाकले. दिव्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खाली पाण्याकडे मात्र बराच वेळ पाहिलं.

“हे माझं न्हाई,” ते म्हणाले. मग माझ्या कानाशी येऊन, “अन् मास्तर, चौकशी बी नको.”

२

ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच चौकशी नको असेल तर ती करायलाच हवी, असं माझं मत पडलं. त्यात थोडा स्वार्थही होता. मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि संग्रहालयासाठी शंकरसिंगांवरची पुस्तिका मीच लिहिली होती. माझं छापून आलेलं ते तिसरं पुस्तक. पहिल्या दोन पुस्तकांचे वाचक माझ्या पलंगाखाली आहेत, म्हणजे उंदीर. हे तिसरं मात्र कप्तानसाहेबांना आवडलं होतं. खोकं उघडण्याआधी त्यांनी त्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचलंही होतं. ‘सांजेचं जहाज’बद्दल शंकरसिंगांचं मनोगत होतं ते:

“त्या सांजेला जहाज मला न्यायला आलं होतं आणि मी चढलो नाही. जमिनीवरचं पुढचं सगळं आयुष्य मी त्या एका चुकीत काढलं.”

“असं वाक्य फक्त दर्यावर्दीच बोलू शकतो,” असं कप्तानसाहेब म्हणाले होते. त्यानंतर अर्ध्या तासात त्यांचं मत बदललं.

मी साधनाताईंना गाठलं. साधनाताई एकतीस वर्षं कृषी सहाय्यक होत्या. गारपीट झाली की नाही, झाली तर किती, आणि झाली नसेल तर लोक इतके एकमतानं का सांगतायत, हे ठरवण्यात त्यांची नोकरी गेली. खोटं बोलणाऱ्या माणसाला त्या कधी टोकत नाहीत. चहा घेतात आणि पुढचा प्रश्न विचारतात.

समाजमंदिरात चित्र तसंच भिंतीला टेकून होतं. साधनाताईंनी माझी पुस्तिका मागितली. मुखपृष्ठावर याच चित्राचा फोटो होता, सहा महिन्यांपूर्वी काढलेला. त्यांनी तो चित्राशेजारी धरला.

“मास्तर, दिवे सोडा. धूर बघा.”

फोटोत धूर डावीकडे जात होता, चित्रात उजवीकडे. फोटोत दोरखंडाचं वेटोळं एका अंगाला, चित्रात दुसऱ्या. पक्षी तसाच. शंकरसिंग सही करत नाहीत, कोपऱ्यात छोटा नांगर काढतात. तो नांगरसुद्धा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला होता.

“म्हणजे सगळंच उलटं,” मी म्हणालो. “आरशात पाहिल्यासारखं.”

“नक्कल आहे. अन् खरं चित्र दुसरीकडंच आहे.”

मी तिथूनच कप्तानसाहेबांना फोन लावला. त्यांनी थंडपणे ऐकून घेतलं. “फोटो संगणकावर उलटा करता येतो. मला मूळ चित्र दाखवा.” फोन बंद.

तेवढ्यात साधनाताईंनी चौकट मागून उचकटली होती. चौकटीत दडलेल्या कापडाच्या काठावर, जिथं रंग पोचला नव्हता, तिथं बारीक निळे ठिपके होते. मुंग्यांच्या रांगेसारखे, ओळीत. त्यांनी कापड नाकाशी नेलं.

“रॉकेल,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच काळजीत पडल्यासारख्या दिसल्या.

३

लालसिंग पारावरच सापडले. दोन दिवसांत त्यांचा मान वाढला होता, लोक त्यांना बसायला जागा देत होते.

“मी काहून करू असलं? मला चित्र सोडा, चुन्याची रेघ सरळ मारता येत न्हाई,” ते म्हणाले.

“भावावर राग कशाचा?” साधनाताईंनी विचारलं.

“बाप मेला तवा तार केली. दोन म्हैन्यांनी उगवला. म्हणे जहाजावर तार पोचत न्हाई!”

“मग पोचत नसंल.”

“कशी पोचंल? पाण्यात पोस्टमन जातो का?”

“म्हणजे होते तर ते जहाजावर.”

लालसिंगांनी पारावरच्या दुसऱ्या माणसाला उगाच शिवी दिली.

तिथून आम्ही गुलाबचंदच्या दुकानात गेलो. गुलाबचंद देवांना, नवरा-नवरींना आणि मयतांना एकाच मापाच्या चौकटी घालतो. ‘सांजेचं जहाज’ त्याच्याकडे चार दिवस होतं, म्हणून गावाचा संशय त्याच्यावर होता, आणि तो त्या संशयानं घामाघूम झाला होता.

“ताई, आईची आन. शंकरभाऊच्या घरून वैनीनं कागदात गुंडाळून, वरून लुगडं बांधून धाडलं. मी कागद काढला, चौकट ठोकली, खोक्यात घातलं. चित्राकडं धड बघितलं बी न्हाई. उलट मलाच तकलीफ झाली.”

“कसली?”

“कागद चिकटला व्हता ना रंगाला. पाण्याचं बोट लावून लावून काढला.”

“वीस वर्षांपूर्वीच्या चित्राला कागद चिकटला?”

“मला वाटलं समुद्राचं हाय, ओल असंल.”

साधनाताईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि त्याला संशयातून मोकळं केलं. रंग ओला होता, म्हणजे नक्कल दुकानात येण्याआधीच झाली होती. तांड्यावर.

“तांड्यावर चित्र काढणारा दुसरा एकच आहे,” मी म्हणालो.

“व्हय,” साधनाताई म्हणाल्या. “अन् तो लालसिंगाचा पोरगा आहे.”

४

कुलदीप सेनगावच्या शाळेत चित्रकला शिकवतो. काकाकडंच शिकला. तो आम्हाला तांड्याच्या वाटेवर भेटला, आणि त्याला माहीत होतं की आम्ही का आलोय.

“मॅडम, मी सहावीत व्हतो तवापासून काका रोज विचारायचे, लाल कुठं, हिरवा कुठं. चुकलो की पाठीत धपाटा. मला माझ्या लेकराचा वाढदिवस आठवत न्हाई, पण दिवे आठवतात.”

“मुद्दाम चुकवले असतील?” मी विचारलं. मला संशय घ्यायची ही पहिलीच संधी होती.

“मुद्दाम चुकवायला दोन ठिपके बदलले की काम झालं,” साधनाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “ज्याला बदनाम करायचंय तो अख्खं जहाज फिरवत बसंल का? इथं धूर, पक्षी, दोर, सगळं इमानदारीनं उतरवलंय. हे करणाऱ्याला चूक करायचीच नव्हती. कुलदीप, काकांच्या चित्राला कधी कुणी हात लावतं का?”

“पाणी काकू भरते. पहिलं चित्र तेवढं काकांनी एकट्यानं काढलं, हेच, जहाजाचं. त्याच्यानंतर काका जहाज काढतात अन् उठतात. लाटा काकूच्या.”

संग्रहालयानं निवडलेल्या अकरा समुद्रांची चित्रकार ही कोरडवाहू शेतकरीण होती, हे माझ्या पुस्तिकेत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

घरी शंकरसिंग नव्हते. ओसरीवर त्यांच्या पत्नी नानीबाई कशिद्याची झोळी भरत बसल्या होत्या. सून निता चहाला उठली.

“बाजारात जुनं भरतकाम चालत न्हाई, मोर मागतात,” नानीबाई म्हणाल्या. “मग करते मोर. मला काय, पोट भरल्याशी मतलब.”

झोळीवर दोन मोर समोरासमोर होते. पिसागणिक सारखे. साधनाताईंनी झोळी हातात घेतली. “इतके बराबर कसे काढता हो?”

“काढते कुठं. खाका हाय.” त्यांनी एक पातळ कागद दाखवला. मोराच्या रेषेवर सुईनं टोचून टोचून भोकं पाडली होती. “कापडावर ठिवायचा, निळीत रॉकेल कालवून वरून बोळा फिरवायचा. ठिपके उमटतात. हा मोर झाला की कागद उलथा करायचा, तो मोर व्हतो. एका मोरात दोन.”

मी चहाची बशी तोंडापर्यंत नेली होती, ती तिथंच राहिली. साधनाताई मात्र निताशी बोलत होत्या. “मास्तरांची पुस्तिका वाचली का गं?”

“व्हय की. आत्याबाईला बी वाचून दाखवली. पोळ्याच्या आधी. त्यायनं एक पान दोनदा वाचून घेतलं. जहाजाचं.”

“अन् चित्र गुलाबचंदाकडं कधी गेलं?”

“पोळा झाल्यावर. तीन आठवड्यांनी.”

नानीबाई दोरा तोडत होत्या. तोडून झाल्यावरही तोडत राहिल्या.

वाटेवर आल्यावर साधनाताई थांबल्या. “मास्तर, मोर इकडं तोंड करून असला काय अन् तिकडं असला काय, फरक पडतो का?”

“नाही.”

“जहाजाला पडतो. पण हे तिला कोण सांगणार? जहाज अन् दिवे कायम शंकरसिंगच काढायचे.”

“पण का? तिनं नवऱ्याला का बुडवावं?”

“बुडवायचं नव्हतं तिला. मी तेच म्हणतेय. नक्कल शाबूत जावी, कुणाला कळू नये, एवढंच पाहिजे होतं. तिला मूळ चित्र घरात ठेवायचं होतं.” त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तिकेकडं बोट केलं. “कारण तुमच्या हातात आहे.”

५

सातव्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर बसलो. साधनाताई, मी, शंकरसिंग, नानीबाई. कुलदीप दाराशी उभा. लालसिंगांना कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ते वेळेवर आले होते.

साधनाताईंनी फार लांबण लावली नाही. चिकटलेला कागद, निळे ठिपके, रॉकेल, उलथा केलेला खाका. “ज्याला दिव्यांचा नियम माहीत आहे तो इथं चुकला नसता. ज्याला दुश्मनी काढायची तो एवढं राबला नसता. खाक्याचा कागद दोन्ही बाजूंनी वापरायची सवय या घरात एकालाच आहे. नानीबाई, तुम्ही.”

नानीबाईंनी पदर सारखा केला. नाकारलं नाही.

“मला म्हाईत व्हतं,” शंकरसिंग म्हणाले. आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. “खोकं उघडलं तवाच. पाणी पाह्यलं ना मी. त्या चित्रातलं पाणी माझ्या हातचं हाय, खडबडीत. हे गुळगुळीत. हिचं पाणी. वीस वर्सं पाहून राहिलो, मला कळणार न्हाई?”

“मग बोलला काहून न्हाई?” लालसिंग ओरडले. “अख्ख्या गावासमोर मी तुला ताटल्या धुवायला लावल्या!”

“काय बोलू? बायकोनं फसवलं म्हणून माईकवर सांगू?” त्यांनी नानीबाईंकडं बोट केलं. “सारा गाव हसला तरी मला काही वाटलं न्हाई, दादा. ही खुर्चीवर बसून बघत व्हती. पहिल्या रांगेत. हिला ठाव असून.”

“मला दिव्यांचं ठाव न्हाई,” नानीबाई पहिल्यांदाच बोलल्या. “आन घेते. तुमची इज्जत जाईल असं मला सपनात बी आलं न्हाई. मला वाटलं, चित्र जाईल, लोकं बघतील, खूश व्हतील. त्यायला काय फरक पडतो?”

“मग कशापायी केलं?”

त्या उठल्या. आत गेल्या. गोधड्यांच्या थप्पीमागून कापडात गुंडाळलेलं चित्र घेऊन आल्या आणि भिंतीला टेकवलं. लाल दिवा उजवीकडे. खडबडीत पाणी. वीस वर्षांपूर्वीचा, एकट्या माणसानं काढलेला समुद्र.

“हे काढलं तवा यायनं मला इथंच बसवलं,” नानीबाई आमच्याकडं पाहून सांगू लागल्या. “म्हणले, नानी, त्या सांजेला जहाज न्यायला आलं. मी धक्क्यावर उभा. चढायचं का न्हाई? अन् डोळ्यांपुढं तू दिसली. म्हणून फिरलो मागं. हे चित्र तुझं हाय, कधी कुणाला देणार न्हाई. तवापासून दिवाळीला मी याला हळद-कुंकू लावत आले. चौदा वर्सं एकटीनं रान केलं, त्याचं मला एवढंच भेटलं व्हतं.”

कुलदीप दारातून पुढं येऊन चित्राजवळ बसला.

“मग निता मला पुस्तक वाचून दाखवते. त्याच्यात तीच सांज, तेच जहाज. अन् म्हणे चूक झाली. सारं आयुष्य चुकीत काढलं.” त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. “मंग मी म्हटलं, खोटी गोष्ट मुंबईला चालली, तर तिच्यासंगं खोटं चित्र जाऊ द्या. खरं चित्र खऱ्या गोष्टीपाशी ऱ्हाईल.”

साधनाताईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांची चौकशी संपली होती. माझी आता सुरू होणार, हे मला कळलं.

६

“दोन गोष्टींतली एकच खरी असंल,” नानीबाई म्हणाल्या. “मला ती कळली की हे चित्र घेऊन जा. खुशीनं देते. उद्या आठ दिवस व्हतात ना? न्या. पर आधी सांगा. मास्तर, पुस्तकात लिव्हलेलं ते वाक्य तुमचं, का यायचं?”

माझ्या खिशात फोन होता. फोनात ध्वनिमुद्रण होतं, तीन तासांचं. त्यात शंकरसिंग एके ठिकाणी बराच वेळ गप्प बसतात, बाहेर कुणाची तरी शेळी ओरडते, आणि मग ते वाक्य येतं. एकही शब्द न बदलता मी ते छापलं होतं. माझ्या लेखनातला तो सर्वोत्तम परिच्छेद असल्याचं मी स्वतःशी मान्यही केलं होतं.

शंकरसिंग माझ्याकडं बघत होते. गावासमोर ताटल्या धुणारा ठरवला गेला तेव्हाही या माणसानं मान खाली घातली नव्हती. आता त्याचे हात मांडीवरच जुळले होते. त्याला काय हवंय ते ओसरीवरच्या खांबालाही समजलं असतं.

“माझं,” मी म्हणालो. “वाक्य माझं आहे, नानीबाई. त्यांनी नुसतं सांगितलं की जहाज आलं आणि मी चढलो नाही. पुढचं मी जोडलं. पुस्तकात जरा बरं दिसावं म्हणून. आम्हा लिहिणाऱ्यांना ती खोड असते.”

मला वाटलं, मी बरा बोललो. कुलदीपनं सुस्कारा सोडला. लालसिंग म्हणाले, “शिकलेली माणसं अशीच,” आणि त्यांचाही जीव भांड्यात पडला. शंकरसिंगांनी डोळे पुसले.

नानीबाईंनी चित्र उचललं. काठावरची धूळ पदरानं टिपली. वरच्या कोपऱ्यात कुंकवाचा फिका डाग होता, तो नखानं अलगद खरवडून काढला आणि चित्र माझ्या हातात दिलं.

“पाठवा. कप्तानसायबाला म्हणा, दिवे बराबर हाईत. यायचं नाव व्हऊ द्या.”

“तुम्हीही चला मुंबईला,” मी म्हणालो. “दोघांनी मिळून जा.”

“मी कशाला?” त्या झोळी घेऊन पुन्हा खाली बसल्या. सुईत दोरा ओवला. मग शांतपणे, शेजारणीला पिठाचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, “मास्तर, तुमचं अख्खं पुस्तक वाचून घेतलं मी निताकडून. बाकीची पानं बी. तुमच्यानं असं वाक्य व्हायचं न्हाई.”